वाचून दाखवले, बरोबर आहे

हट्टा, ता. वसमत
११ फेब्रुवारी २०२५

आदरणीय धम्मानंद काका,

सप्रेम नमस्कार.

तुमचे कान गेल्यापासून फोनचा काही उपयोग नाही. मागच्या खेपेला मी दहा मिनिटं ओरडले आणि शेवटी तुम्ही "बरं, ठेव" म्हणालात. म्हणून पत्र लिहितेय. आमचा टेम्पो एक दिवसाआड हिंगोलीच्या मोंढ्यात हळद घेऊन येतो. ड्रायव्हर धनसिंग पत्र देईल, उत्तरही तोच आणेल.

मी मोठ्या पेचात आहे. पुण्यातल्या एका दुकानवाल्यांना आमची हळद पसंत पडलीय. त्यांची अकरा दुकानं आहेत. पण मॅडम म्हणाल्या, "वेबसाईट तयार करा. आमचं गिऱ्हाईक पाकीट उचलायच्या आधी मोबाईलवर बघतं, की हे लोक कोण." त्यासाठी पाडव्यापर्यंतची मुदत आहे. तोवर झालं नाही तर त्या फळीवर दुसऱ्याचं पाकीट बसेल आणि आम्ही पुन्हा मोंढ्यात, व्यापारी देईल त्या भावाला.

नांदेडच्या मुलानं वेबसाईटचा सांगाडा उभा केलाय. फोटो झकास आहेत: शिजवायचा बॉयलर, खळ्यावर वाळत पडलेली हळद, पॉलिशचा ड्रम. पण "आमच्याबद्दल" या पानावर एक पांढरा चौकोन आहे आणि त्यात लिहिलंय, "येथे मजकूर टाका." रोज सकाळी उठून मी तो चौकोन बघते आणि चहा गार होतो.

मजकूर लिहायला कंटेंट रायटर लागतो. दोघं झाले, दोन्ही बिनकामाचे. पहिल्या पुण्याच्या बाईनं लिहिलं, "निसर्गाच्या कुशीत वसलेल्या हट्टा गावी तीन पिढ्यांचा सुवर्ण वारसा." ते वाक्य मी मोबाईलवर शोधलं, तर एका लोणचेवाल्याच्या पानावर जसंच्या तसं सापडलं, फक्त गावाचं नाव वेगळं. दुसरा ह्यांचा, म्हणजे वैजनाथांचा, मित्र स्वप्निल. त्यानं लिहिलंय, "आम्ही केवळ हळद विकत नाही, आम्ही विश्वास विकतो." ह्यांना फार आवडलं. मला मात्र वाचताना आपल्याच घरात आल्यासारखं वाटलंच नाही.

वैजनाथ म्हणतात, "टाकून दे अन् मोकळी हो." मला झोप लागत नाही. तुम्ही चाळीस वर्षं वसमतच्या तहसीलसमोर बसून लोकांचं म्हणणं कागदावर उतरवलंत. माझ्या अक्षरालाही तुम्हीच वळण लावलंत. तेव्हा सांगा, लिहिणारा माणूस पारखायचा कसा?

तुमची,
पुनम

ता.क. कागदावरचे पिवळे डाग माफ करा. हळदीच्या दिवसात आमच्याकडे भाकरीसुद्धा पिवळी असते.


हिंगोली
१४ फेब्रुवारी २०२५

चि. पुनम हिला अनेक आशीर्वाद आणि सप्रेम जय भीम.

पत्र मिळालं. धनसिंग मोठ्यानं काहीतरी सांगत होता. मी मान डोलावली. कशाला होकार दिला ते देव जाणे, नाही, देवही नाही, धनसिंगच जाणे.

तर कंटेंट रायटर म्हणजे अखेर अर्जनवीसच की गं! आम्ही लिंबाखाली सतरंजीवर बसायचो, हे खुर्चीवर बसतात, एवढाच फरक. तुझा स्वप्निल विश्वास विकतो म्हणे. त्याला विचार, विकून टाकल्यावर घरात काय उरतं?

म्हटलं, परगावच्यांना काय सांगायचं, आपणच लिहावं. काल दुपारी बसलो आणि एका बैठकीत लिहून काढलं. बघ:

"मेहेरबान ग्राहक साहेब यांचे सेवेशी. अर्जदार राहणार हट्टा सविनय विनंती करतो ऐसी जे, अर्जदार गरीब असून हळदीशिवाय उपजीविकेचे अन्य साधन नाही. तरी साहेबांनी कृपाळू होऊन अर्जदाराची हळद घ्यावी. न घेतल्यास अर्जदाराचे कधीही भरून न येणारे नुकसान होईल."

सूनबाईनं वाचलं आणि पदर तोंडाला लावून आत गेली. चाळीस वर्षं हात जोडलेल्या भाषेत लिहिलं की हात असे जोडलेलेच राहतात. तेव्हा मी बाद. मला उमेदवारांत धरू नकोस.

पण पारख सांगतो. चांगला अर्जनवीस ओळखायचा तर त्याचं लिहिणं बघू नये, त्याचं बसणं बघावं. तो आधी कोणापुढे बसतो? जो बोलका, पुढारी, खिशात पेन असलेला, त्याच्यापुढे बसला की समज कच्चा. ज्याची तकलीफ आहे त्याच्यापुढे बसला की पक्का. आणि दुसरं, लिहून झाल्यावर वाचून दाखवतो का? आमच्या प्रत्येक कागदाच्या शेवटी एक ओळ असायची: "वरील मजकूर वाचून दाखवला, समजला, बरोबर आहे." त्याखाली अंगठा. ती ओळ खरी असली तर कागद खरा.

त्या पानासाठी तू दोघांना काय सांगितलंस, म्हणजे धंदा कोणी उभा केला वगैरे? आणि तुझ्या सासूबाई गोजरबाई कशा आहेत?

तुझा,
धम्मानंद काका


हट्टा
१९ फेब्रुवारी २०२५

काका,

सप्रेम नमस्कार. तुमचा अर्ज शेडमध्ये वाचून दाखवला. बायका हसून हसून हळदीवर आडव्या झाल्या. त्या दिवशी तुम्ही धनसिंगला तुमची जुनी सायकल द्यायला होकार दिलाय, बरं का.

धंदा कोणी उभा केला म्हणजे काय? मामंजींनीच. कैलासवासी व्यंकटराव. शेडच्या बोर्डावर त्यांचं नाव, पाकिटावर त्यांचा फोटो: "व्यंकटराव हळद, स्थापना १९९६." मी लग्न होऊन आले तेव्हापासून हेच ऐकतेय आणि तेच दोघांना सांगितलं. सासूबाई ठीक आहेत. अजून रोज निवडायला बसतात. कांडी मोडून आवाज ऐकतात आणि सांगतात, "ही कच्ची हाय, आनखी दोन दिस ऊन दाव." कधी चुकत नाहीत. बाकी कमीच बोलतात.

तिसरी लेखिका काल येऊन गेली. ऐश्वर्या नाव, वसमतची, चोवीस-पंचवीसची. फोनवर नीट बोलली होती, म्हणून आशा होती. एसटीनं आली, माझ्या टेबलासमोर दहा मिनिटं बसली, पाणी प्यायली आणि "शेड बघून येते" म्हणाली ती अडीच तास गायब. जाऊन बघते तर सासूबाईंच्या शेजारी मांडी घालून हळद निवडतेय! बायका कामं सोडून तिला गाणी सांगताहेत. त्या दिवशी चार पोती कमी निघाली.

मी तिच्यासाठी कागद काढून ठेवले होते, सालवार माहिती, प्रमाणपत्रं. तिनं हातसुद्धा लावला नाही. रात्री मजकूर पाठवेल म्हटलं तर मजकूर नाही, अकरा प्रश्न पाठवले! त्यातला सातवा प्रश्न असा: "गिरणी येण्याआधी या घरात हळद कोण दळत होतं?"

ह्यांनी वाचलं आणि भडकले. "ही लेखिका हाय का पोलीस? बापाचं नाव बोर्डावर हाय, तेवढं बास न्हाई का?" मलाही ते जरा जास्तच वाटलं. मी तिला "धन्यवाद, गरज नाही" असं कळवून टाकलं.

आता स्वप्निलचंच टाकावं म्हणते. एकोणचाळीस दिवस उरले.

पुनम


हिंगोली
२१ फेब्रुवारी २०२५

चि. पुनम,

आशीर्वाद. सायकल दिली. तिची चेन तशीही उतरत होती.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. बाई, तुझ्या हातात आलेलं सोनं तू कचऱ्याबरोबर झाडून टाकलंस. ती पोरगी तुझ्यासमोर दहा मिनिटं बसली आणि सासूबाईंपुढे अडीच तास, हे तूच मला लिहितेस आणि वर तक्रार करतेस? मागच्या पत्रात मी काय सांगितलं होतं?

तिला परत बोलाव. आणि सातवा प्रश्न गोजरबाईंना विचार. वैजनाथला नको, तू स्वतः विचार.

घाईत आहे.

धम्मानंद


हट्टा
२६ फेब्रुवारी २०२५

काका,

नमस्कार. तुम्ही माझ्यावर इतके कधी चिडला नव्हतात. मी पाढे चुकायचे तेव्हाही नाही.

खरं सांगा, ती पोरगी तुमच्या ओळखीची आहे का? नात्यातली? असेल तर सरळ सांगा, मी समजून घेईन. पण तुम्ही हिंगोलीत बसून "विचार, विचार" म्हणता, इथे मला राहायचंय. ह्यांना वडिलांचा केवढा अभिमान, तुम्हाला माहीत आहे. मामंजी पोती वाहून वाहून गेले, पाठीत वाकले होते. त्यांच्या फोटोला रोज हार घालून मगच मशीन सुरू होते. त्या घरात मी जाऊन विचारू, की हे सगळं खरंच त्यांनी केलं का?

आणि सासूबाईंनी बारा वर्षांत एका शब्दानं कधी काही म्हटलं नाही. काही असतं तर बोलल्या नसत्या?

पुण्याच्या मॅडमचा काल फोन आला. म्हणाल्या, "साईट झाली का?" मी म्हटलं, "झालीच." खोटं बोलले. चौकोन अजून पांढराच आहे. स्वप्निलचा मजकूर दोनदा टाकला आणि दोनदा काढला. का काढला ते मलाच कळत नाही. त्यात खोटं असं काही नाही, तरी वाचलं की मी ते काढून टाकते.

तुम्ही काहीतरी लपवताय. मी तुमच्या हाताखाली अक्षर शिकले आहे, काका. तुम्ही अस्वस्थ असलात की तुमच्या वेलांट्या उभ्या राहतात. मागच्या पत्रात सगळ्या उभ्या होत्या.

पुनम


हट्टा
७ मार्च २०२५

काका,

नमस्कार. नऊ दिवस झाले, उत्तर नाही. धनसिंग म्हणतो, "दरवाजात बसून राहतेत अन् मानंनंच न्हाई म्हणतेत." तब्येत बरी आहे ना? मी जास्त बोलले असेन तर माफ करा. पण उत्तर द्या. आता तेवीस दिवस उरले.

पुनम


हिंगोली
१० मार्च २०२५

चि. पुनम,

तब्येत बरी आहे. लाज वाटत होती, म्हणून लिहिलं नाही.

ती पोरगी माझ्या ना ओळखीची ना नात्यातली. मी तिला पाहिलेलंही नाही. पण सातव्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे. एकोणतीस वर्षांपासून माहीत आहे.

१९९६ च्या उन्हाळ्यात तुझे सासू-सासरे माझ्या सतरंजीसमोर येऊन बसले. तेव्हा तुझी त्यांची गाठ पडायला पुष्कळ अवकाश होता. गिरणीसाठी परवानगीचा अर्ज हवा होता. व्यंकटराव गप्प बसले होते, बोलत होत्या गोजरबाई. जात्यावर हळद दळायची, फडक्यानं गाळायची, कागदाच्या पुड्या बांधून आठवडी बाजारात बसायचं, असं नऊ वर्षं चाललेलं. माहेराहून मिळालेल्या दोन म्हशी विकून त्यांनी मशीन ठरवलं होतं. हे सगळं त्यांनी मला सांगितलं, आणि सांगताना एकदाही आवाज चढवला नाही.

मी विचारलं, "अर्जदाराचं नाव?" त्या म्हणाल्या, "गोजरबाई."

मी "व्यंकटराव" लिहिलं.

मला कोणी सांगितलं नव्हतं, पुनम. व्यंकटरावांनीही नाही. बाईच्या नावानं अर्ज गेला की फेऱ्या वाढतात, हा आम्हा लोकांचा ठोकताळा. मला वाटलं मी त्यांची तकलीफ वाचवतोय. हात सवयीनं चालला. लिहून झाल्यावर बाई म्हणाल्या, "वाचून दावा." मी म्हणालो, "बस निघाली तुमची, पळा. सगळं बराबर हाय." शेवटची ओळ मात्र लिहिली: वाचून दाखवले, समजले, बरोबर आहे. गोजरबाईंचा अंगठा साक्षीदार म्हणून घेतला. स्वतःच्याच कामाची साक्षीदार!

परवानगी त्या नावानं आली, मग बोर्ड त्या नावाचा झाला, मग पाकीट. तुझ्या लग्नात मला कळलं की हे तेच घर. गोजरबाईंनी माझ्या पानात दोन वेळा जिलबी वाढली आणि काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी मला ओळखलं की नाही, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं, आणि तेव्हा मला ऐकू येत होतं.

तू म्हणतेस स्वप्निलच्या मजकुरात खोटं काही नाही. माझ्या अर्जातही खोटं काही नव्हतं. एक नाव फक्त दुसऱ्या नावाच्या जागी बसलं होतं. तू ते दोनदा काढलंस, ते त्याचमुळे.

आता तू ठरव. मला तुला सांगण्याचा काही हक्क उरलेला नाही.

धम्मानंद


हट्टा
१६ मार्च २०२५

काका,

तुमचं पत्र वाचलं. तुमच्यावर राग आला. मग स्वतःचा आला. बारा वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून जेवतेय आणि मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. त्या परक्या पोरीला अडीच तासांत वाटलं.

पत्र ह्यांना वाचायला दिलं. तुम्हाला न विचारता दिलं, पण दुसरा इलाज नव्हता. वाचून बराच वेळ शेडमध्ये ड्रमपाशी उभे राहिले. मला वाटलं आता भांडण होणार. आले ते म्हणाले, "गोठा एकदम रिकामा झाला होता, ते आठवतंय मला. काहून झाला, ते कुणी सांगितलंच न्हाई. मी बी इचारलं न्हाई." मग जेवले नाहीत.

काल सासूबाईंजवळ बसले. हळद निवडत निवडत विचारलं. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "आता काहून?"

मी म्हटलं, "आई, वेबसाईटवर तुमचं नाव टाकायचंय."

"त्या पोरीला काय सांगायचं ते सांगितलंय म्या. बाकी ज्यानं तवा लिवलं त्याला इचारा." आणि थोड्या वेळानं, "लिवा काय लिवायचं ते. पर अवंदा वाचून दावा म्हणावं. कुणी लिवलं तरी चालंल, वाचून त्यानं दावायचं. मंग मी सांगंन बराबर हाय का न्हाई."

"त्यानं" म्हणजे तुम्ही, काका. म्हणजे त्यांनी तुम्हाला ओळखलं होतं.

ऐश्वर्याला फोन केला, माफी मागितली. वाटलं होतं भाव खाईल. ती म्हणाली, "ताई, मी अर्ध्यावर लिहून ठेवलंय. मला वाटलंच होतं तुमचा फोन येईल." मोठी आगाऊ आहे! म्हशींबद्दल आणि अर्जाबद्दलचं तिनं मी पाठवलेल्या तुमच्या पत्रावरून घेतलंय, बाकी सगळं सासूबाईंकडून.

२८ तारखेला मला नमुने घेऊन पुण्याला जायचंय, तारीख बदलत नाही. ऐश्वर्या त्याच दिवशी मजकूर घेऊन हट्ट्याला येतेय, कारण पाडवा ३० ला. तुम्ही याल का? धनसिंगचा टेम्पो सकाळी हिंगोलीहून रिकामा परत येतो. मी नसेन. त्यामुळे तिथे काय होतं ते मला कोणीतरी लिहून कळवायला हवं.

मी अजून तुमच्यावर रागावलेली आहे. पण या.

पुनम


हिंगोली
१९ मार्च २०२५

चि. पुनम,

येतो.

धम्मानंद


हट्टा
२८ मार्च २०२५, संध्याकाळ

चि. पुनम हिला अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्याच टेबलावर बसून लिहितो आणि इथेच ठेवून जातो. तू पुण्याहून आलीस की वाच.

सकाळी दहाला पोचलो. वैजनाथनं उतरवून घेतलं, हाताला धरून.  गोजरबाई शेडमध्ये सुपापाशी बसल्या होत्या, नऊवारी खोचून. मला बघून त्यांनी शेजारच्या बाईला काहीतरी सांगितलं. बाईनं माझ्यापुढे सतरंजी टाकली. स्टूल होतं तिथे, पण सतरंजी टाकली.

ऐश्वर्यानं कागद हातात दिला. अक्षर मोठं, माझ्यासाठी मुद्दाम. दोन पानं. तुझी ही पोरगी लिहिते चांगलं, म्हणजे लिहिलंय हे कळूच देत नाही. सुरुवातच अशी: "हट्ट्याच्या आठवडी बाजारात गोजरबाई हळदीच्या पुड्या घेऊन बसायच्या, तेव्हा त्यांच्याकडे ताजवा नव्हता. मूठ हेच माप होतं, आणि मूठ कधी कमी भरली नाही." यात कुठे सुवर्ण वारसा आहे का, बघ! गुळाच्या खड्यासारखं एकेक वाक्य.

मी वाचायला लागलो. स्वतःचा आवाज मला ऐकू येत नाही, किती मोठ्यानं वाचतोय कळत नव्हतं. बायकांचे हात थांबले, त्यावरून समजलं की पोचतंय. ड्रम वैजनाथनं बंद केला असावा, कारण तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. जिथे "माहेरच्या दोन म्हशी विकून" होतं तिथे गोजरबाईंनी हात वर केला. मी थांबलो. त्या बोलल्या. मला नुसते ओठ हलताना दिसले. ऐश्वर्यानं लगेच वहीत लिहून माझ्यापुढे धरलं:

"दोन म्हशी न्हाई. एक म्हैस अन् तिची वगार. वगार माझ्या हातची वाढलेली व्हती."

बघ पुनम. एकोणतीस वर्षं मी माझ्या मनात दोन म्हशी घेऊन फिरत होतो. वाचून दाखवलं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं. ऐश्वर्यानं तिथल्या तिथे खोडून "एक म्हैस आणि तिची वगार" केलं. वैजनाथ तोंड फिरवून बाहेर गेला आणि बऱ्याच वेळानं परत आला.

दुसऱ्या पानावर अर्जाची गोष्ट आहे. माझं नाव तिनं घातलं नव्हतं, "अर्ज लिहिणाऱ्यानं" एवढंच होतं. मी वाचताना तिथे माझं नाव घेतलं. मजकुरात घालायची गरज नाही, पण वाचताना मला ते गाळता आलं नाही.

संपलं. मी कागद खाली ठेवला. आता ती ओळ मलाच म्हणायची होती, ती म्हटली: वाचून दाखवलं, समजलं का, बरोबर आहे का?

गोजरबाई बराच वेळ बोलत होत्या. एकदा बायका हसल्या. एकदा कोणीच हसलं नाही. ऐश्वर्याचं पेन सारखं चाललं होतं. मग तिनं वही माझ्या मांडीवर ठेवली. मी ते पान फाडून घेतलंय, तिला विचारून. तुझ्यासाठी उतरवून देतो:

"बराबर हाय. पर व्यंकटरावाचं नाव बोर्डावरून काढू नका. पोते तेच वाहत व्हते, माझ्यानं उचलत नव्हते. खाली माझं बी लिवा. अन् मास्तर (मला त्या मास्तर म्हणतात), मी लग्नातच वळखलं व्हतं तुम्हाला. म्हनलं, सांगतील, आज सांगतील. दोनदा जिलबी वाढली. बोलंना गेले. मंग म्या बी न्हाई बोलले.

एक सांगायचं राहिलं. त्या दिशी तुमी बस निघाली म्हनलात. आमी पळत गेलो. बस आनखी अर्धा घंटा उभीच व्हती. डायवर च्या पेत व्हता. मी खिडकीतून बघून राहिले व्हते तुमच्याकडं. तुमी रिकामेच बसले व्हते."

मी ते वाचलं आणि मान वर केली. त्या माझ्याकडेच बघत होत्या. मग त्यांनी सुपाशेजारच्या ताटलीतल्या पाण्यात अंगठा ओला करून हळदीत बुडवला आणि कागदाच्या शेवटी टेकवला. या वेळी अर्जदाराच्या जागी. मला ऐकू येत नाही, हे त्यांच्या लक्षात होतं.

मी रडलो. चारचौघांत रडलो, पुनम, चौऱ्याहत्तराव्या वर्षी. लिहिताना लपवून उपयोग नाही.

ऐश्वर्यानं दुपारीच मजकूर चौकोनात टाकला आणि वैजनाथनं मला मोबाईलवर दाखवला. अंगठ्याचा फोटोही खाली लावलाय. पुण्याच्या मॅडमना मोबाईलवर पाठव, मग काय म्हणतात ते कळव. त्या हो म्हणोत की नाही म्हणोत, रायटर मात्र बदलू नकोस.

चारच्या बसनं परत जायचं ठरलं होतं. वैजनाथ दोनदा येऊन मनगटावरचं घड्याळ दाखवून गेला. पण तोवर गोजरबाईंनी पुन्हा बोलायला सुरुवात केली होती, जात्याबद्दल, बाजाराबद्दल, त्या वगारीबद्दल, आणि ऐश्वर्या लिहून लिहून मला दाखवत होती. चारची गेली. मग साडेपाचची गेली. त्यांचं सांगून होईपर्यंत मी सतरंजीवरून उठलो नाही.

तुझा,
धम्मानंद काका